‘होड्या बघा’ लिहिलेलं पिवळं बटण

मी एक बटण बोलतोय. शर्टाचं नाही, लिफ्टचं नाही, दारावरच्या घंटेचं तर नाहीच. मला सुईदोऱ्याने कुणी टाचलेलं नाही आणि माझ्या मागे वायरही नाही. मी पडद्यावर राहतो. भिंतीवर चित्रं दाखवत, एकेक पान पुढे सरकवत लोक जे भाषण करतात आणि ज्याला सगळे प्रेझेंटेशन म्हणतात, तशा एका प्रेझेंटेशनच्या चौथ्या पानावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात माझं घर आहे. रंग पिवळा, कडा गोल, अंगावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘होड्या बघा’.

माझं काम एकच. माझ्यापर्यंत माऊसचा बाण आला की दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला उठवायचं. प्रत्येक घरात सकाळी सगळ्यांना उठवत फिरणारं एक माणूस असतं ना, तसा मी. चित्रं काढणारा, गाणी वाजवणारा, तक्ते मांडणारा, ज्याचा पत्ता माझ्याजवळ असेल त्याला मी हाक मारतो. तो येतो, सगळा पडदा व्यापून बसतो आणि मी त्याच्या पाठीमागे झाकला जातो. कौतुक त्याचं होतं. हाक मारणाऱ्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. माझ्या पोटात काही नसतं. मला फक्त पत्ता पाठ असतो. त्या पत्त्यावर जुनंच बिऱ्हाड आहे की नवं आलंय, याची मी चौकशी करत नाही. दार वाजवतो. आतून जो येईल तो येईल.

माझा जन्म २००९ साली पनवेलला टपाल नाक्याजवळ, एका चपलांच्या दुकानाच्या माडीवर झाला. तिथे दिनानाथ सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. मशीन बिघडतं ते पायांच्या धुळीने, असा सरांचा पक्का समज. त्यामुळे खाली चपला विकायला मांडलेल्या आणि वर दाराबाहेर काढून ठेवलेल्या. एकदा एक गिऱ्हाईक वरचाच जोड पायात घालून खाली भाव विचारायला गेलं होतं म्हणतात.

सरांचा एक नियम होता. कुठलीही बॅच असो, पहिल्या दिवशी तो फळ्यावर लिहिला जायचा आणि शेवटच्या दिवसापर्यंत पुसला जायचा नाही. सर म्हणायचे, “सी मशीनचं, डी माणसाचं. आपलं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवायचं. त्यात फोल्डर एकच, त्याचं नाव काम. त्यात फाईल, तिला नाव विषयाचं, इंग्रजी चार अक्षरं, बास. होडी तर होडी, गाडी तर गाडी. उद्या मी मेलो तरी मला तुमची फाईल सापडली पाहिजे.”

“मेल्यावर कशाला शोधाल, सर?” मागून कुणीतरी विचारायचं.

“तुम्ही नीट ठेवली का ते बघायला,” सर म्हणायचे.

नऊ वर्षं सर हेच शिकवत होते. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात बसली, दवाखान्यांत बसली, सरकारी टेबलांमागे बसली. सर अभिमानाने म्हणायचे, पनवेलमधल्या निम्म्या ऑफिसांत डी उघडा, आत काम नावाचं फोल्डर दिसेल. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

मला ज्या मुलीने बनवलं तिचं नाव अंकिता. खाडीकाठच्या बंदरपाड्याची. तिची आई सोनाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची आणि वडील काशिराम पाड्यातल्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. अंकिता सातव्या मशीनवर बसायची. त्या दिवशी सरांनी शिकवलं, की प्रेझेंटेशनमधल्या बटणाने दुसरा प्रोग्राम कसा सुरू करायचा. सरावासाठी सगळ्यांनी एकच पत्ता लिहायचा होता, कॅल्क्युलेटरचा.

अंकिताने चौकोन काढला, पिवळा रंग भरला आणि मी डोळे उघडले. पण तिथे दोन पर्याय असतात. एक, बटण दाबल्यावर काम सुरू. दुसरा, बाण नुसता अंगावरून गेला तरी सुरू. तिने घाईत दुसरा निवडला. मग तिने बाण हलवला. कॅल्क्युलेटर आला. तो बंद करायला बाण नेला, वाटेत मी. दुसरा आला. ती गोंधळून बाण इकडून तिकडे फिरवायला लागली आणि मी तर नवा नवा, हौशी. एका मिनिटात पडद्यावर चौदा कॅल्क्युलेटर.

शेजारचा मुलगा म्हणाला, “अंकिता, किराणा दुकान काढतेयस का?”

सर मागे येऊन उभे राहिले. “काय गं, एवढे कशाला?”

“आईला एक नेते, सर,” ती म्हणाली. मग स्वतःच हसली. “ती नाही घ्यायची. ती मासळीच्या पाटीकडे नुसती बघते आणि आकडा सांगते.”

असं माझं बारसं झालं. वात्रटपणाची सवय लागली ती त्याच दिवशी, आणि खरं सांगायचं तर त्यात माझी चूक नव्हती.

त्याच आठवड्यात पाड्यात एक कागद आला. उलव्याकडे जाणारा नवा रस्ता खाडीच्या तोंडावरून न्यायचं ठरलं होतं. कागदात दोन गोष्टी होत्या. खाडीत वीसच्या वर होड्या असतील, तर रस्त्यासाठी पूल बांधायचा, होड्या खालून समुद्रात जातील असा. वीसच्या आत असतील, तर पाण्यापुरते नळ टाकायचे आणि वर भराव घालून रस्ता न्यायचा. आणि त्याखाली लिहिलं होतं: पाहणीत आढळलेल्या होड्या, नऊ. सबब भराव. हरकत असल्यास महिन्याने सुनावणीला यावे.

म्हणजे खाडीचं तोंड बंद. नळातून पाणी जाईल, होडी कशी जाणार?

मी तेव्हा सातव्या मशीनमध्ये होतो. हे सगळं मला अंकिताच्या बोलण्यातून कळलं. ती काशिरामांना घेऊन क्लासमध्ये आली, सरांना कागद दाखवायला. काशिराम चपला बाहेर काढून आत आले, खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि म्हणाले, “नऊ? माज्या एकट्याच्या तीन हायत. मंग बाकीचा पाडा काय सा होड्यांवर चालतो?”

“बोलून काही होणार नाही, काशिराम,” सर म्हणाले. “दाखवावं लागेल. पडद्यावर.”

“मोर्चा नेतो ना.”

“मोर्चा नऊ माणसांचा आहे असं लिहितील.”

मग ठरलं. अंकिता प्रेझेंटेशन करणार आणि अध्यक्ष म्हणून काशिराम ते दाखवणार. पहिल्या तीन पानांवर पाड्याचं नाव, खाडीचा नकाशा आणि धक्क्याचा फोटो. चौथ्यावर मी. माझ्यापर्यंत बाण आला की तक्त्यांचा प्रोग्राम उघडेल आणि त्यात एकेका होडीचं नाव, मालकाचं नाव, शेजारी फोटो.

अंकिताने मोबाईल घेऊन अख्खा धक्का पालथा घातला. फोटो होडीचा हवा होता, पण होडीबरोबर मालकही उभा राहायचाच. केस विंचरून, पावडर लावून, एक हात वल्ह्यावर. एकाने तर लग्नातला कोट घातला होता. काही फोटोंत कोट दिसतो, होडी शोधावी लागते. एकूण एक्केचाळीस झाल्या.

“काकांच्या दोन राहिल्या,” क्लासमध्ये तक्ता भरताना अंकिता म्हणाली. काशिराम आणि सोनाबाई दोघंही बाजूला बसले होते.

“त्या नाय घ्यायच्या,” काशिराम म्हणाले.

काका म्हणजे काशिरामांचे सख्खे धाकटे भाऊ, दाजी. दोन वर्षांपूर्वी जाळी वाळत घालायच्या एका बांबूवरून दोघांचं भांडण झालं होतं. बांबू कुणाचा, एवढाच प्रश्न होता. तेव्हापासून बोलणं बंद. एक धक्क्याच्या ह्या टोकाला, दुसरा त्या टोकाला.

“बाबा, आपण होड्या मोजतोय, माणसं नाही.”

“होडीत मानूसच बसतो ना?”

सोनाबाई म्हणाल्या, “बांबू कवाच कुजला. तुमचा राग काय कुजत नाय.”

“एकेचालीस पुरे झाल्या,” काशिराम म्हणाले. “वीसच पायजेत ना? मंग?”

अंकिताने फाईल सरांच्या नियमाप्रमाणे ठेवली. डी, त्यात काम, त्यात होडी. आणि माझा जुना पत्ता पुसून तिने हा नवा पत्ता मला दिला. कॅल्क्युलेटर सुटला, मला बढती मिळाली.

मग काशिरामांची तालीम सुरू झाली. चाळीस वर्षं जाळं ओढलेला हात तो. त्या मुठीत माऊस चिंबोरीसारखा दिसायचा. ते बोटाने दाबायला जायचे आणि अख्खा पंजा खाली यायचा. माऊस टेबलावरून उडी मारायचा.

“बाबा, हळू.”

“हलूच दाबतो. त्योच नाजूक हाय.” शेवटी त्यांनी माऊस सोडून हात पुसला. “मना दाबाया नाय जमत, पोरी. सरकवाया सांग. उरणपरयंत सरकवतो.”

अंकिता हसली आणि तिला चौदा कॅल्क्युलेटर आठवले. बाण नुसता अंगावरून गेला की उघडायचं, ही माझी खोड ती काढून टाकणार होती. तिने ती तशीच ठेवली. शिवाय मला पानाच्या मधून उचलून वरच्या उजव्या कोपऱ्यात बसवलं, अगदी टोकाला. “बाबा, काही बघायचं नाही. माऊस वर ढकला, उजवीकडे ढकला, अडेपर्यंत. बटण तिथेच आहे.”

काशिरामांनी ढकलला. मी हाक मारली. मध्ये एक चौकट आली. ती नेहमी येते. दुसरी फाईल उघडतोय, ती धोक्याची असू शकते, उघडू का, असं ती इंग्रजीत विचारते. अंकिताने न वाचता ओके केलं. सगळे तसंच करतात. इतकी वर्षं झाली, ती चौकट पूर्ण वाचणारा माणूस मी पाहिलेला नाही. बिचारी जीव तोडून सांगत असते आणि लोक कानाजवळची माशी हाकलावी तसं ओके करतात.

तक्ता उघडला. एक्केचाळीस होड्या, एक कोट. काशिरामांनी खुर्चीत पाय वर घेतले.

आता घोळ. सुनावणीच्या चार दिवस आधी सरांनी पुढचा धडा शिकवला. प्रेझेंटेशन दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तर ज्या फाईलला बटण जोडलंय ती फाईलही सोबत न्यावी लागते. बटण बोट दाखवतं, सामान उचलत नाही. नेमकं त्या दिवशी सोनाबाईंना ताप होता, म्हणून अंकिता बाजारात आईच्या पाटीवर बसली होती. धडा चुकला.

तिने सरांकडून लाल दोरा बांधलेला पेनड्राइव्ह मागून घेतला आणि त्यात प्रेझेंटेशन टाकलं. नुसतं प्रेझेंटेशन. तिला वाटलं, यादी माझ्या पोटातच आहे. टेम्पो निघाला की आतल्या पाट्या निघाल्याच, तसं. तिने खात्रीही करून घेतली. पेनड्राइव्ह सातव्या मशीनला लावून मला चालवून पाहिलं. मी चाललो. का नाही चालणार? यादी त्याच मशीनच्या डीमध्ये होती, दोन दारं सोडून.

मला सगळं कळत होतं. मला ओरडून सांगायचं होतं, की पोरी, यादी इथेच राहिली. पण बटणाला फक्त हाक मारता येते आणि तीही पत्त्यावरच्यांनाच.

सुनावणीच्या सकाळी मी लाल दोऱ्याने अंकिताच्या मनगटाला लटकून रस्त्याचा कागद काढणाऱ्या सरकारी ऑफिसात पोचलो. मोठा हॉल, पुढे पडदा. पाड्यातली पंचवीस-तीस माणसं आली होती. सोनाबाई नाकात चमकी आणि केसात अबोली घालून पहिल्या रांगेत. दाजीही आले होते. वेगळ्या रिक्षाने. ते अगदी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले आणि काशिरामांनी तिकडे पाहिलं नाही.

मशीनवर ऑपरेटर होता दीपेश. त्याने पेनड्राइव्ह पाहिला आणि म्हणाला, “लाल दोरा! दिनानाथ सर?”

“तू पण?” अंकिता म्हणाली.

“तीन बॅच आधी. पाचवं मशीन. चपला अजून बाहेरच?”

“अजून बाहेरच.”

दोघं हसली. मला मात्र हसू येत नव्हतं. परकं मशीन. मी मनात म्हणालो, आता काशिराम बाण वर ढकलतील, मी पत्त्यावर जाईन आणि तिथे कुणीच नसेल. पडद्यावर येईल, फाईल सापडत नाही. मग सुनावणी घेणारे साहेब म्हणतील, होड्या पण नाहीत आणि यादी पण नाही.

साहेब आले. चष्मा कपाळावर, घड्याळाकडे लक्ष. “चला, पटकन दाखवा.”

काशिराम उठले. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्यावर धक्का दिसला. चौथं आलं. काशिरामांनी घसा साफ केला. “साहेब, तुमच्या कागदात नऊ लिवल्यात. आता बगा. एकेचालीस.” आणि त्यांनी माऊस वर ढकलला, उजवीकडे ढकलला, अडेपर्यंत.

बाण माझ्या अंगावर. मी डोळे मिटून हाक मारली.

चौकट आली. काशिरामांनी अंकिताकडे पाहिलं. अंकिता ओके करायला धडपडत होती, कारण ह्या मशीनचा माऊस तिच्या सवयीचा नव्हता.

“अहो, ते रोजचंच आहे. वाचत काय बसलात?” असं म्हणून साहेब स्वतः उठले आणि स्वतःच्या बोटाने ओके केलं.

मी दार वाजवलं. डी, त्यात काम. फोल्डर होतं! त्यात होडी. तीही होती! आणि दार उघडलं.

सगळा पडदा तक्त्याने भरला. पण हा आमचा नव्हता. फोटो नाहीत, कोट नाही, नुसती काळी अक्षरं. वर लिहिलेलं: बंदरपाडा, होड्यांची मोजणी, मार्च. खाली रकाने. अनुक्रमांक, मालकाचं नाव, पहाटे, दुपारी. आणि तळाला बेरीज. पहाटे त्रेचाळीस. दुपारी नऊ.

साहेब पडद्याकडे वळले.

“हे कोणी आणलं?” साहेब म्हणाले.

अंकिताने खरं सांगितलं. “सर, ही यादी आमची नाही. आमच्यात फोटो आहेत.”

“तुमची नाही, मग कोणाची?”

दीपेश उभा राहिला. “आपली आहे, साहेब. मोजणीवाल्यांचे कागद आले होते, ते मी टाईप केले होते. डीमध्ये, काम मध्ये.”

साहेबांनी माऊस ओढून घेतला आणि तक्ता बंद करायला बाण वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या फुलीवर नेला. फुली दाबली. तक्ता गेला. आणि मागे त्याच कोपऱ्यात कोण होतं? मी. बाण माझ्याच डोक्यावर. साहेबांचा हात जरासा हलला आणि मी पुन्हा हाक मारली.

चौकट. साहेबांनी सवयीने ओके केलं. तक्ता हजर.

त्यांनी पुन्हा फुली दाबली. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा चौकट, पुन्हा ओके, पुन्हा त्रेचाळीस. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. तिसऱ्या वेळी साहेबांनी फुली जोरात दाबली, जणू त्याने फरक पडणार होता. मला इतकी मजा कॅल्क्युलेटरच्या दिवसानंतर कधी आली नव्हती. चौथ्या वेळी सगळा हॉल हसत होता.

सोनाबाई म्हणाल्या, “साहेब, ती जायाला तयार नाय. बसूं द्या तिला.”

साहेबांनी माऊस सोडला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि पहिल्यांदाच तक्ता वाचला. “पहाटे त्रेचाळीस, दुपारी नऊ. असं कसं?”

“दुपारी होड्या धक्क्याला बसून राहिल्या, तर तुमच्या ताटात बोंबील कुठून येल?” सोनाबाई म्हणाल्या. “ज्या नऊ दिसल्या त्या डागडुजीच्या असतील.”

“मग अहवालात नऊ कोणी लिहिले?” साहेबांनी दीपेशकडे पाहिलं.

“अहवालात शेवटचा रकाना धरतात, साहेब,” दीपेश हळूच म्हणाला.

मग साहेबांना सुटायची एक वाट दिसली. ते काशिरामांकडे वळले. “हे बघा, तुम्ही अध्यक्ष आहात. तुम्ही आत्ता सगळ्यांसमोर एक्केचाळीस म्हणालात. ह्या तक्त्यात त्रेचाळीस आहेत. दोन्ही वीसच्या वर आहेत, कबूल, पण कागदावर आकडा एकच लागतो. आकडेच जुळत नाहीत, तर मी धरू कुठला? कुठली तरी एक यादी चुकीची आहे. मला फेरमोजणी लावावी लागेल. दोन-तीन महिने जातील.”

“आणि भराव?” अंकिताने विचारलं.

“भरावाचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय. ते माझ्या हातात नाही.”

हसणारा हॉल एकदम थंड झाला. काशिराम पडद्याकडे बघत होते. चौथीपर्यंत शिकलेले, मराठी वाचता येत होतं. त्यांची नजर एकेक नावावरून खाली सरकत गेली आणि शेवटच्या दोन ओळींवर थांबली. बेचाळीस, दाजी. त्रेचाळीस, दाजी. मोजणीवाल्यांना बांबूचं काही माहीत नव्हतं. त्यांनी दिसल्या तेवढ्या होड्या लिहिल्या होत्या.

मी तक्त्याच्या मागे होतो; त्यांची नजर कुठे थांबली ते मला नंतर अंकिताच्या बोलण्यातून कळलं. आवाज तेवढा आला.

“साहेब, तुमची यादी बरोबर हाय. माजी चुकली. दोन होड्या मी सोडल्या.”

“चुकून?”

“चुकून नाय. मुद्दाम. त्या माज्या सख्ख्या भावाच्या हायत.”

“का सोडल्या?”

“बांबूपायी,” काशिराम म्हणाले.

साहेबांना काही कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं. काशिराम मागे वळले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दाराजवळच्या रांगेकडे पाहिलं. “एकेचालीस नाय, साहेब. तेचालीस. तुमी लिवून घ्या, मी सही करतो.”

दाजी उभे राहिले. “साहेब,” ते म्हणाले, “त्यो बांबू माजा व्हता, ह्ये बी लिवून घ्या.”

“तुजाच व्हता रे,” काशिराम म्हणाले. “बस आता.”

साहेबांनी कागद घेतला, नऊवर रेघ मारली आणि वर स्वतःच्या हाताने त्रेचाळीस लिहिलं. खाली काशिरामांनी सही केली. घाई नव्हती, जाळ्याची गाठ मारावी तशी. त्याखाली साक्षीदार म्हणून दाजींनी केली. पाड्यात परत जाताना एक रिक्षा कमी लागली.

संध्याकाळी दिनानाथ सरांना सगळं कळलं. ते आधी अंकितावर ओरडले. “यादी न्यायची राहिली? बटण सामान नेत नाही, हे शिकवलं होतं मी!” मग खुर्चीत बसले, डोळे पुसेपर्यंत हसले आणि म्हणाले, “साहेबाच्या मशीनमध्ये काम नावाचं फोल्डर होतं ना? मी काय म्हणायचो?”

पूल व्हायला वेळ लागला. कागदावर चढला लगेच, पाण्यात उभा राहायला चार वर्षं गेली. पण झाला. आता उलव्याच्या बांधकामांचे ट्रक वरून जातात आणि होड्या खालून. वरच्यांना खालचे दिसत नाहीत, पण खालचे रोज मान वर करून बघतात.

माझं म्हणाल, तर हे साल २०१७. मी आता म्हातारा झालोय. दिनानाथ सर घरी बसले आणि क्लास अंकिता चालवते. मशीनं नवी आली. नव्या मशीनवर माझी हाक पूर्वीसारखी पोचत नाही. वर एक पिवळी पट्टी येते, की ह्याला अडवलंय, आणि परवानगी दिल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. जग फार संशयी झालंय. पण खरं सांगू? माझ्यासारखी सगळीच बटणं काही चांगल्या घरची नसतात. अडवलं तर मला राग येत नाही.

प्रत्येक बॅचला एकदा तरी अंकिता मला उघडते. मुलांना विचारते, “ह्या बटणाच्या पोटात काय आहे?” मुलं म्हणतात, यादी. ती म्हणते, “काही नाही. बटण सामान नेत नाही. फाईल सोबत घ्या. दर वेळी समोरच्याच्या घरात आपलं सामान सापडत नाही.” मग ती मला हाक मारायला लावते.

आता मी अंकिताचीच यादी उघडतो, फोटोंसकट. ती त्रेचाळीस होड्यांची आहे. शेवटच्या दोन ओळी काशिरामांनी स्वतः भरल्या आहेत, एका बोटाने, अख्खी दुपार घालून. माऊस नाजूक आहे, पण कीबोर्डला त्यांची हरकत नाही. त्रेचाळिसाव्या ओळीत फोटो आहे. होडीसमोर दोघे भाऊ उभे, केस विंचरून, आणि मध्ये दोघांनी मिळून एक नवा कोरा बांबू धरलाय. होडी त्यातही शोधावी लागते.

काशिराम अधूनमधून क्लासमध्ये येतात. चपला बाहेर काढतात, रिकामं मशीन बघून बसतात, माऊस वर ढकलतात, उजवीकडे ढकलतात, अडेपर्यंत. तक्ता उघडला की वरची नावं बघत नाहीत. थेट तळाशी जातात, शेवटच्या दोन ओळी बघतात आणि उठतात.

तुम्हीही कधी आलात तर मी कोपऱ्यातच आहे. बाण जपून आणा, मला हात लावायचीही गरज नाही. एक चौकट येईल, काहीतरी विचारेल. माझ्यासाठी एवढं करा, एकदा तरी ती वाचा. मग ओके करा.